मधे कुणीच नाही

'कबूतर' आमच्या घरी अभिजीतने आणलं, आणि ते सुरक्षित आहे असं समिधाला मी सांगितलं. पुढे जे झालं त्यातला माझा वाटा एवढाच. पण तेवढा आहे.

साल दोन हजार पाच. अभिजीत, म्हणजे माझा नवरा, कुवेतमध्ये मंगफजवळच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायचा. ऑफिसच्या मेलवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, कारण सगळ्यांची मेल वाचण्याची सोय त्याच्याच हातात होती. मग एका शुक्रवारी त्याने कुठूनतरी हा निरोप पाठवायचा प्रोग्राम उतरवून घेतला. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. पडद्यावर कबुतराचं चित्र यायचं, म्हणून आम्ही त्याला कबूतर म्हणायला लागलो.

मेल आधी कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर जाऊन बसते आणि तिथून पुढे जाते. कबुतराला असलं मधलं ठाणं नव्हतं. निरोप माझ्या कॉम्प्युटरवरून थेट मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर, आणि वाटेत कुलूपबंद. किल्ली फक्त तिच्या कॉम्प्युटरमध्ये. तिचा कॉम्प्युटर बंद असेल तर निरोप थांबून राहायचा, आणि फार थांबायला लागू नये म्हणून त्याच्या कुलूपबंद प्रती गटातल्या बाकीच्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवल्या जायच्या. ज्याची गाठ आधी पडेल त्याने पोचवायचा. गावाकडे जाणाऱ्या माणसाबरोबर आपण पाकीट देतो, तसंच. नेणाऱ्याला ते फोडता येत नाही.

आमच्या गटात आम्ही चौघी होतो. मी, समिधा, प्रणिता आणि खैतानची विनिता. विनिता सरकारी इस्पितळात नर्स होती. तिचा कॉम्प्युटर कधीच बंद नसायचा, कारण त्यावर चोवीस तास मालिका उतरत असायच्या.

मी दोन संध्याकाळी बसून कबुतराची सगळी माहिती वाचली. कुलूप किती मजबूत आहे, किल्ली कशी बनते, सगळं. मग समिधाला सांगितलं, "मधे कुणीच नाही."

"प्रेमाताईपण नाहीत?"

"त्याही नाहीत."

"मग बाई मी लिहिते," समिधा म्हणाली.

प्रेमाताई आमच्या मराठी मंडळाच्या महिला विभागाच्या प्रमुख. मंगफमध्ये सकाळी कुणाच्या घरी दूध नासलं तर दुपारपर्यंत ते खैतानला कळायचं, ते त्यांच्यामुळे. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचा विमानतळावर अडकलेला सासरा असो, पहिला डबा त्यांचाच. फक्त डब्याबरोबर बातमी परत घेऊन जायच्या.

समिधाला लपवण्यासारखं एक काम होतं. ती परभणीची. तिच्या माहेरी गणपतीला तळलेले मोदक असतात. सहा वर्षांपूर्वी, कुवेतला नवीन असताना, मंडळाच्या बैठकीत "उकडीचे कोण करेल?" असा प्रश्न आला आणि सगळ्या बायका आपापल्या नखांकडे बघायला लागल्या. ती शांतता समिधाला सहन झाली नाही. "मी करीन," म्हणाली. घरी येऊन तिने तीन वेळा उकड काढली. तिन्ही वेळा मोदक वाफेवर उमलले, म्हणजे शब्दशः उमलले.

चौथ्या घाण्याच्या वेळी लवू स्वयंपाकघरात कपाटाचं दार बसवत होता. लवू कुडाळकडचा सुतार, शुवैखच्या एका लाकूडकामाच्या कारखान्यात कामाला, खैतानला सहा जणांबरोबर एका खोलीत राहायचा. त्याने बराच वेळ स्वतःला आवरलं. मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"बाई, उकड अशी नाय काढूची. सरा बगू."

हात धुऊन त्याने एकवीस मोदक वळले. ते मंडळात गेले, आणि अध्यक्ष रामभाऊ डोळे मिटून म्हणाले, "समिधाताईंच्या हातात कोकण आहे." तेव्हा खरं सांगायची वेळ होती. ती गेली. दुसऱ्या वर्षी एक्कावन्न झाले, मग एकशे एक. दर वर्षी मंडळाच्या गणपतीच्या शुक्रवारी लवू सकाळी लवकर समिधाच्या घरी यायचा, तिचा नवरा मुलांना घेऊन समुद्रावर जायचा, आणि दाराला आतून कडी लागायची. हे तिच्या घराबाहेर मला ठाऊक होतं, प्रणिताला आणि विनिताला. नारळ खोवून द्यायला आम्हीच असायचो.

आता त्या मंगळवारची गोष्ट. मी कामाला होते त्या दवाखान्यात दुपारी बारा ते चार सुट्टी. मी घरी येऊन जेवत होते. सव्वाला समिधाचा फोन आला.

"लीना, प्रणिता इंडियात गेली."

"पुढच्या आठवड्यात जाणार होती ना?"

"सासरे पडले म्हणून काल दुपारच्याच विमानाने गेली. मला आत्ता प्रेमाताईंनी फोन करून सांगितलं. घराची किल्ली त्यांच्याकडे आहे. तुळशीला पाणी घालतात, देवापुढे दिवा लावतात." तिचा आवाज इथपर्यंत ठीक होता. "आणि तिच्या कॉम्प्युटरवर बसून दुपारी तीनला पुण्याला लेकीशी बोलणार आहेत. प्रणितानेच सांगितलंय, खुशाल वापरा."

"मग?"

"मग काल रात्री मी प्रणिताला निरोप टाकलाय."

"काय लिहिलंस?"

"सगळं! लवू शुक्रवारी पाचला येणार, तू खाली दाराशी थांब, जिन्यात कुणी बघायला नको, नारळ मी आणलेत. आणि..." ती थांबली.

"आणि काय?"

"आणि प्रेमाताईंना वास लागू देऊ नकोस. त्यांचा शिरा खाऊन मागच्या वर्षी बाप्पाचा घसा बसला असेल, असं."

मी ताट बाजूला सरकवलं.

कुलूप उत्तम होतं. वाटेत तो निरोप कुणाच्या बापाला फोडता आला नसता. पण प्रणिताचा कॉम्प्युटर सुरू झाला की कबूतर आपोआप उघडायचं, किल्ली आपोआप लागायची, टिंग असा आवाज व्हायचा आणि निरोप पडद्याच्या कोपऱ्यात येऊन बसायचा. समोर कोण बसलंय हे विचारायची त्याला गरज नव्हती. दोन संध्याकाळी मी रस्त्याचा अभ्यास केला होता. घरात कोण बसलंय ते बघायचं राहिलं होतं.

"तुझ्याकडे काय दिसतंय? पोचला?"

"आत्ताच लावला मी कॉम्प्युटर. 'वाट पाहत आहे' असं दिसतंय."

"ताबडतोब बंद कर. वायरच काढ. मी माझा बंद करते."

"झालं ना मग?"

"नाही. तिसरी प्रत विनिताकडे आहे."

विनिताला फोन लावला. ती वॉर्डमध्ये होती. ड्यूटी सातला संपणार, घराला कुलूप, आत कॉम्प्युटरवर मालिका उतरतायत. "मी इथून काय करू?" ती कुजबुजली. "माझा पेशंट उलट्या करतोय. तुम्ही प्रेमाताईंनाच बेशुद्ध करा."

तेव्हा उरलेला मार्ग एकच होता. तीनच्या आत प्रणिताच्या घरात शिरायचं.

प्रणिताच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर प्रेमाताई राहायच्या. दोन वाजता आम्ही त्यांची बेल वाजवली. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री होतं. अशा वेळी कुवेतमध्ये कुणी कुणाकडे चालत जात नाही, त्यामुळे दार उघडल्यावर त्यांनी आधी आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं.

"अगं बाई! कोण गेलं?"

"कुणी नाही, प्रेमाताई," समिधा म्हणाली. "माझं मोदकपात्र प्रणिताकडे राहिलंय. किल्ली देता का? दोन मिनिटांत आणून देते."

"मोदकपात्र!" प्रेमाताईंनी तो शब्द जरा चघळला. "हो, तुला तर लागणारच. पण किल्ली कशाला, मीच येते ना. दुसऱ्याचं घर आहे, आपल्यावर जबाबदारी असते."

वर जाताना लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "काय गं समिधा, यंदा किती करणार?"

"एकशे एक."

"एकटी?"

"एकटीच. सवय झालीये आता."

"कमाल आहे हो तुझी," प्रेमाताई म्हणाल्या. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

प्रणिताची तुळस उन्हाळ्यात गॅलरीत टिकायची नाही, म्हणून बैठकीच्या खोलीत एसीसमोर ठेवलेली. शेजारीच कॉम्प्युटर. बंद होता. मी सुटकेचा श्वास सोडला.

"तुम्ही शोधा स्वयंपाकघरात," प्रेमाताई म्हणाल्या. "मी आतल्या खोलीत तिचे कपडे बघते. पांढऱ्या साडीला डांबराच्या गोळ्या ठेवा म्हणाली होती." आणि त्या आत गेल्या. आम्हाला एकटं सोडून, स्वतःहून. याचंही मला नवल वाटायला हवं होतं.

समिधा स्वयंपाकघरात भांडी वाजवू लागली. मी टेबलाखाली वाकून आधी नेटची वायर काढली आणि मग कॉम्प्युटर सुरू केला. त्याने पासवर्ड मागितला. पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता. किल्लीच्या मजबुतीबद्दल मी वाचलेल्या पन्नास पानांची किंमत त्या चिठ्ठीएवढीच होती. प्रणिताला न विचारता मी तिच्या कॉम्प्युटरमध्ये हात घालत होते, हेही मला कळत होतं. पण घड्याळात दोन वीस झाले होते.

कबूतर उघडलं. म्हटलं, निरोप आलेला नसणार. आपण फक्त कबुतराचं आपोआप उघडणं बंद करून टाकू.

निरोप आलेला होता. पहिल्या ओळीपासून घसा बसलेल्या बाप्पापर्यंत. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: आला, विनिताकडून, सकाळी ९.१०. उघडला, सकाळी ९.१२.

प्रेमाताई सकाळी दिवा लावायला आल्या होत्या, तेव्हाच त्यांनी कॉम्प्युटर चालतो का ते बघितलं असणार. समिधाचा कॉम्प्युटर त्या वेळी बंद होता, म्हणून पोचपावती तिच्यापर्यंत गेली नव्हती. त्यानंतर चार तासांनी प्रेमाताईंनी समिधाला फोन केला. किल्ली माझ्याकडे आहे आणि मी तीनला कॉम्प्युटरवर बसणार आहे, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी ते सगळं पुन्हा एकदा क्रमाने मनात मांडलं. ही बाई आज सकाळपासून आमची गंमत बघत होती.

मी निरोप पुसला. कबूतर आपोआप उघडणार नाही अशी सोय केली. कॉम्प्युटर बंद करून वायर परत लावली.

समिधा दारात आली. हातात नुसता झारा. "पुसलंस?"

"पुसलं."

तिने डोळे मिटून नमस्कार केला, कुणाला ते कळलं नाही.

तेवढ्यात प्रेमाताई बाहेर आल्या. "सापडलं का गं?"

"नाही हो. बहुतेक विनिताकडे असेल."

"असं कसं?" त्या स्वयंपाकघरात गेल्या, स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून प्रणिताचं मोदकपात्र काढून त्यांनी समिधाच्या हातात दिलं. "हे काय, इथंच तर आहे. तुझंच ना?"

"माझंच," समिधा म्हणाली. आणि दुसऱ्याचं ते भलंमोठं भांडं छातीशी धरून भर उन्हात घरी आली.

मी तिला ९.१२ बद्दल सांगितलं नाही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. आधी दोन दिवस थांबून बघू म्हटलं. प्रेमाताईंकडे बातमी टिकण्याचा काळ मला साधारण ठाऊक होता. अर्धा दिवस, फार तर एक. दोन दिवस गेले, कुणी काही बोललं नाही. गुरुवारची रात्र झाली. खैतानला विनिताच्या कानावर काही नाही, इकडे मंगफमध्येही शांत. बातमी बाहेर पडत नाही याचा अर्थ एकच होतो. ती कुठेतरी वापरात आहे. कुठे, ते मला बघायचं होतं.

मंडळाचा गणपती चतुर्थीनंतरच्या शुक्रवारी, मंगफच्या एका इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये. त्या सकाळी लवू ठरल्याप्रमाणे पाचला आला. एरवी काम झाल्यावर तो निवांत चहा घेत बसायचा. त्या दिवशी त्याचा हात विजेसारखा चालत होता. आठला त्याने शेवटचा मोदक पात्रात ठेवला आणि हात पुसले.

"येतंय, बाई. आजून एक काम आसा."

"शुक्रवारी कसलं काम रे?" समिधाने विचारलं.

"आसा थोडा," तो म्हणाला आणि माझी नजर चुकवून गेला.

साडेअकराला आम्ही हॉलवर पोचलो. समिधाने आपलं ताट गणपतीपुढे ठेवलं, केळीचं पान उघडलं, आणि नेहमीसारखा "वा!" ऐकायला मान वर केली. पण लोक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गोळा झाले होते. तिथे प्रेमाताई होत्या, आणि त्यांच्यापुढे केळीच्या पानावर एकशे एक उकडीचे मोदक.

मी जवळ जाऊन बघितलं. मला मोजायची सवय आहे. समिधाच्या मोदकाला एकोणीस कळ्या होत्या. प्रेमाताईंच्याही मोदकाला एकोणीस. टोक दोन्हीकडे जरासं डावीकडे वळलेलं.

"प्रेमाताई, तुम्ही?" समिधाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"म्हटलं यंदा शिरा नको," प्रेमाताई गोड हसल्या. "बाप्पाचा घसा बसतो म्हणतात."

समिधाने माझा दंड पकडला आणि मला खांबामागे नेलं.

"तू तर म्हणालीस पुसलं!"

"पुसलं होतं."

"मग यांना कसं कळलं?"

"त्यांनी त्याआधीच वाचलं होतं. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी."

"तुला माहीत होतं?"

"हो. तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस पुसलं का. ते सांगितलं."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं आता केळीचं पान फेकून मारेल. पण ती वळली आणि टेबलाकडे बघायला लागली. रामभाऊ एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा मोदक घेऊन उभे होते. रामभाऊंनी दोन्ही चाखले. डोळे मिटले.

"समिधाताईंचा मोदक म्हणजे मोदकच," ते म्हणाले. "प्रेमाताईंचाही छान आहे. पहिलाच प्रयत्न आहे, उकड किंचित कमी मळली गेलीय. सरावाने येईल."

समिधाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. प्रेमाताईंचा मात्र उतरला. तोंड उघडायची सोय दोघींनाही नव्हती. एकीने दुसरीचं सांगितलं असतं, तर दुसरीने पहिलीचं.

आरती झाली. खैतानहून बॅचलर मंडळी आली होती, त्यात लवूही होता, इस्त्रीच्या शर्टात, कपाळाला गंध. रामभाऊंनी त्याच्या पानात दोन्हीकडचा एकेक मोदक ठेवला. "कोकणातला माणूस आहेस. सांग बघू, कोणाचा बरा?"

समिधा आणि प्रेमाताई दोघीही त्याच्याकडे बघत होत्या. लवूने दोन्ही खाल्ले, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत.

"दोनय बरे," तो म्हणाला. "दोनय बायांच्या हाताक गुण आसा."

टाळ्या पडल्या. रामभाऊ इतके खूश झाले की त्यांनी तिथेच माईक हातात घेतला. पुढच्या वर्षी मंडळाला पंचवीस वर्षं होणार, दूतावासातले पाहुणे येणार, तेव्हा दोन्ही ताईंनी मिळून पाचशे मोदकांचा नैवेद्य करावा, असं त्यांनी जाहीर केलं. पुन्हा टाळ्या. दोघी हसल्या. माझ्या लक्षात आलं की त्या दोघींनीही हसतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून लवूकडे बघितलं.

लवू हात धुवायला नळाशी आला, तेव्हा आम्ही तिघी तिथे होतो.

"लवू," समिधा हळूच म्हणाली, "पाचशे ऐकलंस ना? पुढच्या वर्षी दोन दिवस आधी यावं लागेल."

"फुडल्या वर्साक मी नाय, बाई," लवू म्हणाला. त्याचं हसू कानापर्यंत पोचलं होतं. "चतुर्थीक घराक जातंय. आठ वर्सांनी. सायबान कागदार सही करून दिल्यान, म्हयनाभर रजा."

"कोणत्या साहेबाने?"

लवूने प्रेमाताईंकडे बघितलं. तेव्हा मला आठवलं, की प्रेमाताईंचे यजमान तुळशीदास त्याच कारखान्यात रजेचं काम बघतात.

"मोदक करीन म्हटलंय, पन माका चतुर्थीची रजा व्हयी," लवूने खुलासा केला. "वयनींनी लगेच सही मिळवून दिल्यानी." दोन्ही ओले हात जोडून त्याने आम्हा तिघींना नमस्कार केला आणि तो आपल्या लोकांत गेला.

नळ तसाच वाहत होता. मी तो बंद केला.

प्रेमाताईंनी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. "समिधा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुला उकड काढता येते का गं?"

"नाही. तुम्हाला?"

"मला शिरा येतो."

हॉलमधून रामभाऊंचा आवाज आला. ते दोघींना फोटोसाठी बोलावत होते, मोदकांची ताटं हातात घेऊन.